अम्मींच्या दंडापासून फोनपर्यंत

२०२४ च्या रमजानमध्ये, सतराव्या रोज्याला, अस्रनंतर अम्मी पडवीतल्या बाजेवर आडव्या झाल्या होत्या. आम्ही दोघी जावा आत इफ्तारच्या तयारीत होतो. दोनदा डोकावून पाहिले. दोन्ही वेळा वाटले, डोळा लागलाय, लागू दे. तिसऱ्यांदा उठवायला गेलो तेव्हा कपाळ घामाने चिंब होते आणि अम्मी आम्हाला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारत होत्या. बोटाला सुई टोचून साखर पाहिली. आकडा आला ४८. घोट गिळता येत होता, हेच नशीब. साखरेचे पाणी पाजले, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाजले. भानावर आल्यावर अम्मींनी पहिला प्रश्न विचारला तो असा, "मगरिबला किती वेळ होता?"

एक तास दहा मिनिटे होती.

ती गोष्ट घरात वर्षभर पुरली. मोठ्या दिरांचे म्हणणे होते की आता अम्मींनी रोजे धरायचे नाहीत, सूरह बकरामध्ये आजारी माणसाला सवलत दिलेली आहे, ती घ्यावी. अम्मींचे म्हणणे होते की नवव्या वर्षापासून धरत आले, तुम्ही कोण अडवणारे? आम्ही दोघी मध्ये. आम्हाला दोघांचेही पटत होते, आणि बाजेवरचा तो घामेजलेला चेहराही विसरता येत नव्हता.

जुन्नरच्या आमच्या डॉक्टरांनी मधला रस्ता काढला. त्यांनी सांगितले की आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने रमजानसाठी वेगळी मार्गदर्शिका केली आहे, २०१६ मध्ये पहिली आणि २०२१ मध्ये सुधारलेली. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर मगरिबची वाट न पाहता रोजा सोडायचा, हा तिच्यातला साधा नियम. आणि तपासणी, गोळ्यांच्या वेळांची फेरमांडणी, हे सगळे रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी करायचे, चंद्र दिसल्यावर नाही. अम्मींसारख्या हट्टी माणसांची जगात कमी नाही हेही त्यांच्याकडूनच कळले. २००१ मध्ये तेरा देशांत एक मोठी पाहणी झाली होती. तिच्यात टाइप दोनच्या दहापैकी जवळजवळ आठ रुग्णांनी किमान पंधरा रोजे धरल्याचे दिसले, आणि साखर धोकादायक उतरण्याचे प्रसंग टाइप दोनच्या रुग्णांत एरवीच्या सात-साडेसात पटीने वाढले होते. डॉक्टरांनी अट घातली: रोजे धरा, पण दंडावर सेन्सर लावून. आणि अलार्म वाजला तर वाद नाही.

सेन्सर म्हणजे मोठ्या नाण्याएवढी एक चकती. दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. तिच्यातला केसासारखा बारीक तंतू कातडीखाली जेमतेम अर्धा सेंटिमीटर जातो आणि पेशींभोवतीच्या द्रवातली साखर मोजत राहतो. रक्तात नव्हे, द्रवात. म्हणून सेन्सरचा आकडा रक्ताच्या पाच-दहा मिनिटे मागे असतो. साखर वेगाने उतरत असेल तर सेन्सर ७६ दाखवतो तेव्हा रक्तात त्याहून कमी असू शकते. हे आम्हाला पुढे उपयोगी पडले. चकती चौदा दिवस चालते, मग नवी. जुन्या प्रकारात फोन दंडाला टेकवला तरच आकडा कळायचा. आता बऱ्याच सेन्सरांत ब्लूटूथ असते, आकडा आपोआप फोनवर येतो आणि साखर उतरली की फोन ओरडतो.

किंमत काही हजारांत. पुण्यातल्या धाकट्या दिरांनी एकाचे आणि मंचरच्या आपांनी, म्हणजे आमच्या नणंदेने, दुसऱ्याचे पैसे दिले. दोन सेन्सरांत अठ्ठावीस दिवस निघतात. उरलेला दिवस सुईवर काढायचा ठरला.

इथे आमच्या मोठ्या मुलाने अडवले. (मुलगा थोरलीचा, पण आमच्या घरात मूल कोणाचे असे कोणी विचारत नाही.) तो आंबेगाव तालुक्यात अवसरीला अभियांत्रिकीला आहे. तो म्हणाला, "चाची, सेन्सर चांगलाच असेल. पण तो आकडा दादीच्या दंडापासून फोनपर्यंत पोचतो का, ते कोण बघणार? डब्यावर सहा मीटर लिहिले आहे. ते कोणाच्या घरातले सहा मीटर?"

आम्हाला तेव्हा ते फार काही वाटले नाही. सहा मीटर म्हणजे वीस फूट, आणि अम्मींचा फोन कायम अम्मींजवळच असतो, अशी आमची समजूत होती.

खरा सेन्सर चाचणीत घालवायचा नव्हता. एकदा लावला की त्याचे चौदा दिवस सुरू होतात. मुलाने कॉलेजातून काडेपेटीएवढे एक ब्लूटूथचे बोर्ड आणले, छोटी बॅटरी जोडली आणि रुमालाने अम्मींच्या उजव्या दंडाला बांधले. ते दर मिनिटाला फोनला फक्त एक अनुक्रमांक पाठवायचे. एक, दोन, तीन, असे दिवसभरात १४४०. जो क्रमांक फोनवर नाही, तो हवेत हरवला. खऱ्या सेन्सरची ताकद कदाचित याहून कमी असेल म्हणून बोर्डाची ताकद त्याने मुद्दाम उतरवून ठेवली. शाबान सुरू होता. चाचणी अम्मींच्या रोजच्या दिवसातच करायची, त्यांना खुर्चीवर बसवून नाही, एवढे मात्र आम्ही दोघींनी त्याला बजावले.

पहिल्या दिवशी १४४० पैकी १११२ आले. आम्ही खूश झालो. मुलगा नाही झाला. तो म्हणाला, सव्वातीनशे मिनिटे सुटली, म्हणजे साडेपाच तास, आणि तीही सुटी सुटी नाहीत, ढिगाने आहेत. त्याने वेळा वाचून दाखवल्या: पहाटे अर्धा तास, दुपारी दीड तास, मग पुन्हा पावणेदोन तास, रात्री एक ते पावणेतीन. त्याच्याकडे वेळा होत्या, पण त्या वेळी अम्मी कुठे होत्या हे त्याला कुठे ठाऊक? ते आम्हाला ठाऊक होते. कागद मध्ये ठेवून आम्ही तिघे बसलो आणि एकेक भोक भरत गेलो.

पहाटेचा अर्धा तास फजरचा. फोन बाहेरच्या खोलीत, अम्मी आत मुसल्ल्यावर. आमचे घर जुने, भिंती काळ्या दगडाच्या आणि मातीच्या, दोन फूट जाड. उन्हाळ्यात या भिंतींची आम्ही तारीफ करतो. मुलाने फोनवर एक मोफत अॅप घेतले होते, त्यात सिग्नलचा जोर दिसतो, उण्या आकड्यांत. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ९० म्हणजे शेवटची धुगधुगी. हा आकडा साधा नाही. दहाने उतरला तर जोर दहावा हिस्सा राहतो, वीसने उतरला तर शंभरावा. दार उघडे असले की पलीकडच्या खोलीत उणे ७० च्या आसपास यायचा. दाराआडून बाजूला भिंतीमागे सरकले की उणे ९५ आणि मग काहीच नाही. म्हणजे सिग्नल भिंतीतून येत नव्हताच, दारातून येत होता, पाहुण्यासारखा.

दुपारचा दीड तास शेजारच्या वाड्यातला. तिथे अम्मी रोज बसायला जातात, फोन इथेच विसरून. ते आम्ही धरूनच चाललो होतो.

पण नंतरचे पावणेदोन तास कोणाला सुटेनात. त्या वेळी अम्मी त्यांच्या खोलीत होत्या आणि फोनही त्याच खोलीत होता. दोन्ही आमच्या डोळ्यांदेखत. शेवटी अम्मींनाच विचारले. त्या जरा चाचरल्या. मग म्हणाल्या, "पोरं फोन घेऊन खेळतात. मी झोपताना पेटीत ठेवते." पेटी म्हणजे त्यांच्या लग्नातली पत्र्याची, कडीकुलपाची.

मुलगा इतका हसला की अम्मी रागावल्या. मग त्याने खोडदची गोष्ट सांगितली. आमच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ खोडदला मोठी रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, चौदा मधल्या भागात आणि बाकीच्या तीन दिशांना, टोकापासून टोकापर्यंत सुमारे २५ किलोमीटर. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तिथे प्रदर्शन भरते, आमची मुले शाळेतून जाऊन आली आहेत. त्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून आरपार जातो म्हणून सांगाडा हलका ठेवता आला. पण रेडिओ लहरींना ती जाळी सलग पत्र्यासारखीच वाटते, कारण जाळीची भोके एक-दोन सेंटिमीटरची आणि लहर वीस-एकवीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब. "ब्लूटूथची लहर बारा सेंटिमीटरची आहे, दादी. तुमच्या पेटीला किल्लीच्या भोकाशिवाय जागा नाही. तिथून काय बाहेर येणार?"

त्याच खोडदच्या दुर्बिणीने ८८० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका आकाशगंगेतला हायड्रोजनचा संदेश पकडला, ती बातमी जानेवारी २०२३ मध्ये आली होती. मधल्या दुसऱ्या एका आकाशगंगेच्या गुरुत्वाने तो मोठा करून दिला म्हणून तो ऐकू आला. आणि इथे आमच्या घरात दंडापासून उशापर्यंत तीन फुटांचा संदेश पोचत नव्हता. आम्हाला याचे हसू आले, पण त्या दुपारचे नाही. २०२४ च्या सतराव्या रोज्याला हा सेन्सर दंडावर असता आणि फोन पेटीत असता, तर काय झाले असते?

रात्रीचे भोक सगळ्यात चमत्कारिक. फोन उशाशी, पेटीत नाही, भिंत मध्ये नाही. मुलाने दुसऱ्या दिवशी अम्मींना अंगणात उभे केले, दहा फुटांवर फोन धरला आणि सावकाश वळायला लावले. दंड फोनकडे असताना उणे ६५, पाठ फिरवून दंड पलीकडे गेला की उणे ८७. अम्मी म्हणाल्या, "मी काय भिंत आहे?" तो म्हणाला, "भिंतच. माणसाच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असते आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात मुरतात." मायक्रोवेव्ह भट्टी जवळजवळ याच लहरींवर पाणी तापवते, वायफायही इथेच. भारतात हा पट्टा २००५ पासून कमी ताकदीच्या यंत्रांना परवान्याशिवाय खुला आहे, म्हणून सगळी स्वस्त यंत्रे तिथेच गर्दी करतात. अम्मींना उजव्या कुशीवर झोपायची जन्माची सवय. दंड अंगाखाली, वर सगळे अम्मींचे वजन. बोर्ड बिचारे गादीला आकडे सांगत होते.

उपाय फार थोर नव्हते. सेन्सर उजव्याऐवजी डाव्या दंडाला लावायचा. आणि फोन अम्मींच्या अंगावर, डाव्या बाजूला. हे दुसरे कठीण गेले. गळ्यात अडकवायला अम्मी तयार नव्हत्या, "मी काय कंडक्टर?" असे विचारले. मग धाकटीला आठवले की अम्मींची आई कमरेला पानाची चंची खोचायची आणि अम्मी तिच्याबद्दल फार बोलतात. तिने अम्मींच्याच जुन्या साडीच्या काठाचा बटवा शिवला, फोन मावेल एवढा, शेजारी ग्लुकोमीटर आणि दोन खजूर राहतील असा कप्पा. तो अम्मींनी मुकाट्याने खोचला. त्या दिवशी १४४० पैकी १४२६ आले.

फोनचेही एक निघाले, ते सर्वांनीच पाहून ठेवावे. चार्जिंग वाचवण्यासाठी फोन मागे चालणारी अॅप आपणहून बंद करतो. आमच्या फोनने दुसऱ्या रात्री तसेच केले आणि सकाळपर्यंत कोणाला पत्ता नव्हता. सेटिंगमध्ये जाऊन त्या अॅपपुरते बॅटरीचे बंधन काढावे लागते. नमाजच्या वेळी फोन सायलेंट करण्याची सवय असते, तेव्हाही साखरेचा अलार्म वाजेल अशी परवानगी वेगळी द्यावी लागते. आणि फोन बंद करून ठेवला तर कुठलीच परवानगी कामाची नाही.

आणखी एक चाचणी ठरवून केली नव्हती, घडली. घोडेगावला एका लग्नाला गेलो होतो, तिथून आपांच्या गाडीने डिंभे धरण पाहायला पुढे गेलो. वाटेत मोबाइलची रेंज गेली. आमच्या फोनवर अम्मींचे आकडे येईनात, आम्ही घाबरलो. मुलाने अम्मींचा बटवा उघडून दाखवला. त्यांच्या फोनवर आकडे चालूच होते. दंडापासून फोनपर्यंतचा रस्ता वेगळा, फोनपासून आमच्यापर्यंतचा वेगळा. पहिल्याला इंटरनेट लागत नाही, दुसऱ्याला लागते. पुण्यातल्या मुलाला अलार्म जाईल या भरवशावर राहणाऱ्या घरांनी हे समजून घ्यावे, असे आम्हाला फार वाटते. जो फोन अंगावर आहे, त्याचाच भरवसा खरा.

त्या दुसऱ्या रस्त्यावरून घरात एक भांडणही आले. सुरुवातीला अम्मींचे आकडे पाच फोनांवर जात होते. अम्मींनी एका संध्याकाळी पेढा खाल्ला आणि अर्ध्या तासात पुण्याहून फोन आला, "अम्मी, काय खाल्लेत?" मागोमाग मंचरहून आला. अम्मी म्हणाल्या, "माझ्या तोंडात काय पडले ते साऱ्या खानदानाला कळायचे असेल तर काढा हे दंडावरून." त्यांचे चुकले नव्हते. आपल्या सुनांसमोरही ज्या आजाराचे नाव काढत नव्हत्या, त्यांचा दर पाच मिनिटांचा हिशेब पाच घरांत उघडा पडला होता. आम्ही त्यांनाच विचारले, कोणी पाहावे? त्यांनी आमची दोघींची नावे घेतली. मुलगे वगळले. मोठ्या दिरांना वाईट वाटले, अजून वाटते.

२ मार्च २०२५ ला पहिला रोजा झाला. सुमारे तेरा तासांचा दिवस. सेन्सर रमजानच्या आदल्या दिवशी लावला, म्हणजे त्याचा आकडा सुईशी ताडून पाहता आला. बोटाला टोचून साखर तपासली तर रोजा तुटत नाही, हे अम्मींनी मौलानांना स्वतः विचारून घेतले होते. अलार्म डॉक्टरांच्या सल्ल्याने ८० वर ठेवला, ७० ची वाट पाहायची नाही म्हणून.

चौथ्या रात्री तीन वाजता तो वाजला. ५८. आम्ही दोघी धावलो, साखर कालवली, मग कोणीतरी म्हणाले आधी सुई. सुईवर ११२. उजवी कंबर दुखत होती म्हणून अम्मी त्या रात्री डाव्या कुशीवर वळल्या होत्या आणि सेन्सर दाबला गेला होता. दाबलेला सेन्सर खोटा कमी आकडा देतो, असे डॉक्टरांनी सकाळी सांगितले. मोठे दीर म्हणाले, हे यंत्र खोटारडे आहे. आम्हालाही तेव्हा तसेच वाटले होते, पण बोललो नाही.

अकराव्या रोज्याला अम्मी शेजारच्या वाड्यात कुराणखानीला गेल्या होत्या. बायका आतल्या खोलीत, दगडी भिंतीमागे, जिथून शाबानमध्ये एकही क्रमांक आमच्या घरी आला नव्हता. चार वाजून पन्नास मिनिटांनी थोरलीच्या फोनवर आले: ७६, बाण खाली. ती चप्पल न घालता पळाली. मधल्या बोळात आणि दारात बायकांची गर्दी, ती ढकलत आत पोचायला तिला तीन-चार मिनिटे लागली असतील.

अम्मी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मीटर मांडीवर, त्यावर ६८. बटव्यातला एक खजूर संपला होता, दुसरा हातात होता. मगरिबला पावणेदोन तास होते. सगळ्या बायका त्यांच्याकडे पाहत होत्या आणि अम्मी कोणाकडेच पाहत नव्हत्या. थोरलीला म्हणाल्या, "आरडाओरडा करू नको. सोडला मी."

घरी आल्यावर त्या रडल्या. आम्ही समजूत घातली नाही, चहा करून दिला.

त्या रमजानमध्ये एकोणतीस रोजे झाले. अम्मींचे सव्वीस. एक तो अकरावा, दोन दिवस डॉक्टरांनीच सहेरीनंतरचे आकडे पाहून नको म्हटले. ईदच्या दुसऱ्या दिवशी अम्मींनी स्टुलावर चढायचा प्रयत्न केला, आम्ही ओरडलो, मग कॅलेंडर खाली काढून द्यायला लावले. डिसेंबरचे पान उलगडून त्यांनी तीन गुरुवारांवर पेन्सिलने गोल केले. थंडीत तहान लागत नाही आणि दिवसही थोडा आखूड असतो. मग विचारले, "तेव्हा एक चकती लागेल ना?"

बटवा अजून कमरेलाच आहे. फोन असतो, पण खजुराच्या कप्प्यात आता सुपारी सापडते.